सत्तर फूट सॅप्रोलाइट

हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच पैशाने छापलेल्या कागदावर, आणि त्याच कागदाने मला बुडवलं.

गोंदियाहून कामठ्याच्या वाटेवर मी उष्णा तांदळाची मिल टाकली होती. उष्णा म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग कुटायचं. भिजवायला पाण्याचे मोठे हौद लागतात. दिवाळीनंतर नवं धान येणार, त्याआधी बोअर लागली नाही तर माझा पहिलाच हंगाम कोरडा जाणार होता. गोंदियाच्या बाजारात पोती उचलून मी इथवर आलो. शिकलेल्यांच्या शब्दावर चालणारा माणूस मी नाही. तरी नागपूरहून एक भूगर्भवाला आणला. त्याने खुंट्या ठोकल्या, तारा पसरल्या, आकडे टिपले आणि चार पानं पाठवली. वर पाच फूट माती, त्याखाली सत्तर फुटांपर्यंत सॅप्रोलाइट, मग कठीण ग्रॅनाइट, भेगांतून पाणी अपेक्षित. मी ‘पाणी अपेक्षित’ एवढंच वाचलं. बाकीचं शिकल्यासवरलेल्या माणसाचं अत्तर आहे, असं समजून सोडून दिलं.

बोअरची गाडी तामिळनाडूची. वरचा भाग ढासळू नये म्हणून भोकात लोखंडी पाइप घालतात, त्याला केसिंग म्हणतात. त्याचा भाव फुटावर असतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मालक धरूनच चालतो की गाडीवाला केसिंग वाढवून लुटणार. चाळीस फुटांवर भोकातून निघालेला चुरा मी तळहातावर घेतला. गुलाबी खडे, काळे ठिपके, चमकणारा अभ्रक. सरळ ग्रॅनाइट.

“दगड लागला. केसिंग बस.”

“अन्ना, अभी कच्चा है,” गाडीवाला म्हणाला. “ड्रिल का बिट बहुत जल्दी जा रहा है. तीस फूट और डालो.”

“कच्चा तू. मेरेको मत सिखा.”

चाळीसवर केसिंग थांबवलं आणि खाली दोनशेपर्यंत उघडं भोक मारलं. पाणी आलं. मी पेढे वाटले. पाचव्या दिवशी भोकात सोडलेली मोटर घुरघुरली आणि बंद पडली. केसिंगच्या खालची भिंत खचून मोटरीवर बसली होती. चेनपुली लावून ओढली, तर दोरच तुटून वर आला. बोअर गेली, मोटर गेली, आणि धान तोंडावर.

मी त्या भूगर्भवाल्याला फोन करून बोलावलं. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आला बिचारा, पण चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

“सत्तर फूट लिहिलं होतं मी.”

“काय लिहिलं होतं? असे शब्द कायले लिहून राहिले तुम्ही? आमी का कालेजात शिकलो?”

तो हौदासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरला. मीही उतरलो. भिंतीवर गुलाबी-काळे पट्टे तिरके गेलेले, दगडात असतात तसेच. त्याने खिशातलं पेन काढलं आणि त्या पट्ट्यात खुपसलं. टोपणापर्यंत आत गेलं.

“हे सॅप्रोलाइट,” तो म्हणाला. “जागच्या जागी सडलेला दगड. पाण्याने आतून माती करून टाकली, पण कण हललेला नाही. पट्टे तेच, भेगा त्याच. म्हणून दिसतो दगड. पट्टे मोडले, कण वाहून गेले, की मग हा शब्द वापरत नाहीत.”

मी भिंतीला मूठ मारली. मूठभर ग्रॅनाइट माझ्या हातात भुसभुशीत होऊन आला. एवढा कामाचा शब्द! दगडासारखा दिसतो, दगड नाही, भरवसा ठेवू नका, हे सगळं एका शब्दात. आणि ही माणसं तो इस्त्रीच्या कपड्यासारखी कपाटात टांगून ठेवतात. आमचा खणणारा गडी जांभ्यापासून भुग्यापर्यंत सगळ्याला मुरूम म्हणतो, तोही शहाणा नव्हे. पण निदान तो फी घेऊन गप्प बसत नाही.

“मग ‘सडका दगड, सत्तर फूट केसिंग’ असं लिहायला हात दुखत होता का?”

त्याने पेन पुसलं. “तुम्ही माझी फी अर्ध्यावर आणली होती काका. ‘सडका दगड’ लिहिलं असतं तर अर्धीही दिली नसती.”

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. ती तशीच राहिली, कारण अर्धी फीसुद्धा खरंच नसती दिली मी.

बारा फूट सोडून दुसरी बोअर मारली. गाडी तीच, गाडीवाला तोच. पंच्याहत्तर फूट केसिंग जाईपर्यंत मी खुर्चीवर बसून होतो, एकदाही भाव केला नाही. तो दर पाइपला माझ्याकडे बघायचा, आता भांडेल म्हणून. धान आलं त्याच्या आदल्या दिवशी हौद भरले.

संध्याकाळी नागपूरचा फोन आला. “काका, पाणी आलं का?”

“आलं,” म्हणालो आणि फोन ठेवला. आभार मानायला मी त्याचं काही खाल्लं नव्हतं.