चूलबंद आवतण

मंजुळाबाईच्या लेकीनं, दीपमालानं, आपल्या लग्नाची सगळी जुळणी फोनवरच केली. शनिवारी हळद, रविवारी दुपारी लग्न, बीडच्या एका मंगल कार्यालयात. दीपमाला अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स, नवरदेव अभिमन्यू पुण्यात कंपनीत. दोघांच्या सोबत्यांना सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारची. म्हणून पुण्याच्या पाव्हण्यांसाठी लॉजच्या खोल्या धरल्या, नाष्टा ठरला, त्यांना स्टँडवरून आणायला गाडी ठरली. पाटोद्याकडच्या आपल्या माणसांनी मात्र रविवारी यायचं, जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत माघारी फिरायचं. त्यांना फोनवर पत्रिका गेली. सनई वाजणारी, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडणारी.

मंजुळाबाईनं मान डोलावली होती. लेक शिकली, शहरात वावरली, तिला कळतं.

पण लग्न तोंडावर आलं तरी तिच्या ऊसतोडीच्या टोळीतलं कुणी येतो म्हणेना. फोनवर नुसते जोडलेले हात यायचे. छबुबाईकडून तर तेवढंही नाही. आणि छबुबाई येणार नसेल, तर मंजुळाबाईच्या दृष्टीनं त्या मांडवात नवरदेव आला काय आणि न आला काय.

ती उठली आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला छबुबाईच्या दारात गेली. छबुबाई अंगणात बाजेवर कुरडया उलथत होती. तिनं मान वर केली नाही.

"अक्का, पत्रिका बघितली का?"

"सुनेनं दाखवली की. लई झाक हाय. पाकळ्या पडत्यात."

"मंग येतेस न्हवं?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? लग्नाला."

"आमाला कुणी आवतण दिलंय?" छबुबाईनं एक कुरडई उन्हाकडं धरून पाहिली. "फोन तर बँकेचा बी येतोय. आमी काय बँकेत जेवायला जातो का?"

ओट्यावर बिडी ओढत बसलेला तिचा नवरा भागवत खोकल्यासारखं हसला.

मंजुळाबाई बाजेजवळ बसली. राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते समजेना. कारण समोर बसलेल्या या बाईनंच दीपमालाची नाळ कापली होती.

तेव्हा टोळी कोल्हापूरकडं होती. फडाशेजारी उसाच्या पाचटाच्या कोपी. आत उभं राहिलं तर डोकं लागायचं, आणि थंडी तर पाचटातून सुईसारखी शिरायची. अशाच एका कोपीत दीपमाला झाली. छबुबाईनं कोयत्याचं पातं विस्तवात लाल केलं, नाळ कापली आणि पोर भागवतच्या पटक्यात गुंडाळली. बारशाला टोळीतल्या प्रत्येक कोपीला चूलबंद आवतण होतं. म्हणजे त्या दिवशी कुणी आपली चूल पेटवायचीच नाही. घरातलं लेकरू, म्हातारं, आलागेला, सगळ्यांनी कार्याच्या घरीच जेवायचं. मुकादम गाडी भरा म्हणून ओरडत आला, तर छबुबाई त्याला म्हणाली, "चुली बंद हायत, मुकादम. ओरडून भूक लागली असंल तर तुमी बी बसा." आणि तो बसला.

पुढं मंजुळाबाईचा नवरा तापानं गेला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसाला माणूस म्हणून मोजायचं नाही, हत्यार म्हणून मोजायचं, ही त्या धंद्याची रीत. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता परवडत न्हाई. छबुबाई म्हणाली, मंग आमचा पुरा बी राहू दे, आमी दुसरी टोळी बघतो. मंजुळाबाई त्या साली टोळीबरोबर तोडीला गेली, आणि लेक शिकून नर्स होईपर्यंत जातच राहिली.

हे सगळं त्या अंगणात बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती उठून उभी राहिली.

"मंग ऐक अक्का. सगळ्या टोळीला चूलबंद आवतण. शनिवारच्या हळदीपासून. झालं?"

आता छबुबाईनं वर पाहिलं. "तुझ्या एकटीच्या बोलण्यानं काय हुतंय? कार्य लेकीचं. तिला ठावं हाय का? आमी तिथं जायचं आन् रातच्याला स्टँडवर झोपायचं?"

मंजुळाबाईनं तिथंच लेकीला फोन लावला.

"आई, चूलबंद?" दीपमालाचा आवाज चढला. "कुणाला विचारून? खोल्या भरल्यात. त्यांना झोपवू कुठं? कार्यालयाच्या ओट्यावर? अभिमन्यूची माणसं काय म्हणतील?"

"ओट्यावर कावून? आमी जल्मभर भुईवरच झोपलो. आता न्हाई झोपायचं."

"मग पुण्याच्या पाव्हण्यांना काढू का?"

"ते तू बघ. पुण्याच्या पाव्हण्यांनी तुझी नाळ न्हाई कापली."

तिकडून फोनच बंद झाला.

"कापलास का पोरीचा जीव?" छबुबाई म्हणाली. "लई तापट हायस बघ. घे, कुरडई खा."

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईचं कशात लक्ष लागलं नाही. लेक येईना, फोन घेईना. आवतण दिलं ते माघारी घ्यायचं म्हणजे सगळ्या वस्तीत तोंड काळं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं दीपमाला उतरली. डोक्यावर ओढणी, घामानं निथळलेली. आईकडं पाणीसुद्धा न पिता तिनं ताटात कुंकू आणि अक्षदा घेतल्या आणि तशीच छबुबाईच्या घरात शिरली. थेट चुलीपाशी. मंजुळाबाई मागोमाग.

दीपमालानं छबुबाईला कुंकू लावलं, हातात अक्षदा ठेवल्या.

"मावशी, शनिवारी-रविवारी चूल बंद ठेवा."

छबुबाईनं मूठ मिटली नाही. "झोपायचं कुठं, दीपे?"

"लॉजवर. पलंग हाय, गरम पाणी हाय, पंखा हाय."

"आन् पुण्याचे?"

"ते कार्यालयात गाद्यांवर. मी त्यांना सगळं सांगितलं. कोप, कोयता, नाळ, सगळं. अभिमन्यू म्हणाला, मामांची तेवढी कंबर दुखती, त्यांना एक खोली द्या. बाकी आमी गाद्यांवर."

"मामाला म्हणावं, मी चोळून दीन," भागवत ओट्यावरून म्हणाला.

"तुमी गप बसा." छबुबाईनं मूठ मिटली आणि दीपमालाला जवळ ओढलं. "आवतण द्यायला इतकी उशिरा आलीस, म्हणून एक धपाटा बाकी हाय. हळदीला दीन." दीपमाला रडत होती, त्यामुळं तिचं हसू तोंडातच अडकलं.

दीपमाला मिनीबस ठरवणार होती. भागवतनं ती ठरवू दिली नाही. टोळी ट्रकातनंच जाती, तो म्हणाला, आणि ओळखीचा ट्रक आणून खाली सतरंज्या अंथरल्या. शनिवारी सकाळी वस्तीवर तो उभा राहिला, तसं सगळ्यांना एकदम दिवाळीनंतरची ती तोडीला निघायची जुनी वेळ आठवली. पण आज पिठाच्या गोण्या नव्हत्या, कोंबड्या नव्हत्या, कोयते नव्हते. नव्या लुगड्यांचा वास होता.

गॅस आला तरी छबुबाईचं अंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं. निघताना तिनं चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. फसकन वाफ आली. मग घरात जाऊन गॅसचं बटण फिरवून पाहिलं.

ट्रकात कुणी कुणाला जागा सांगितली नाही. जो तो आपापल्या जुन्या जागी बसला. मंजुळाबाई सवयीनं मागं फाळक्याशी गेली. अर्धा कोयता तिथं बसायचा.

"तिथं कावून बसलीस? नवरीची आई हायस, केबिनीत बस," छबुबाई म्हणाली.

"राहू दे अक्का. हितनं वस्ती दिसती."

छबुबाई आपली मधली जागा सोडून, माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत तिच्याशेजारी येऊन बसली. ट्रक हलला. दोघी मागं बघत होत्या. सकाळची वेळ, आणि वस्तीतल्या एकाही घरावर धूर नव्हता.