आत्याची फाइल

माझी आत्या घाटनांदूरला राहते. निवृत्त शिक्षिका. आईबाप ऊसतोडीला गेले की गावात मागं राहणाऱ्या मुलांना तिनं वर्षानुवर्षं शिकवलं. त्या मुलांबद्दल ती संगणकावर लिहायला लागली होती. मग कंपवातानं हात थरथरू लागले आणि लिहिणं थांबलं.

मी बीडला संगणक शिकवते. फोनवर विचारलं, "का सोडलंस गं?"

"मशीन माझं ऐकत न्हाई," ती म्हणाली.

रविवारी एसटीनं गेले आणि तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. टाइप करणं तिला जमत होतं, एकेक अक्षर, सावकाश. अडत होतं ते फाइल उघडताना. डबल क्लिक करताना हात हलायचा आणि फाइल उघडायची सोडून शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. ती शोधता शोधताच आत्या दमून जायची.

"एवढंच ना?" मी म्हणाले.

"तुला एवढंच. मला लई हाय."

मी ओशाळले. नोटपॅड उघडून छोटी स्क्रिप्ट लिहिली: संगणक चालू झाला की ही फाइल उघड. ती स्टार्टअप नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली, संगणक बंद करून पुन्हा लावला. काळी चौकट आली, फाइल सापडत नाही म्हणाली. आत्यानं फाइलीला 'माझी लेकरं' असं मराठीत नाव दिलं होतं आणि माझ्या स्क्रिप्टला ते वाचता येईना.

"नाव इंग्रजीत करावं लागेल."

तिनं पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "आतलं मराठीच राहील न्हवं?"

"हो."

"मग कर."

सोबत एक मॅक्रोही जोडला. त्यामुळे फाइल पहिल्या पानावर न उघडता जिथं लिहिणं थांबलं होतं तिथंच उघडणार होती.

या वेळी माउसला हातही न लावता पान समोर आलं. एका मुलीबद्दलचं अर्धं वाक्य होतं: 'ओच्यात चिंचा घेऊन यायची आणि'.

आत्यानं चष्मा सारखा केला. "आणि पहिली मला द्यायची," ती पुटपुटली आणि अक्षरं शोधू लागली.

मी चहा केला. तो निवला तरी ती उठली नाही.

दिवाळीला गेले तेव्हा मुलांचं लिहून झालं होतं. आता तिला दुसरी फाइल तशीच उघडायला हवी होती. मी बघायला वाकले तर तिनं हातानं पडदा झाकला.

"आत्ताच वाचू नको. तुज्या बापाचं लहानपण हाय."