केळी उन्हात, गाडी थंडीत

ती लाल गाडी मी अजून विसरलेलो नाही आणि तिच्यावरचा वैतागही उतरलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. पण आजही मनाला जी केस टोचते ती एका अशा गाडीची, जिला साधा गतिरोधक ओलांडता येत नव्हता. ही हकीकत मी यापूर्वी दोन-तीनदा चारचौघांत सांगितली आहे. लोक हसले, मीही हसलो. प्रत्येक वेळी तिच्यातला एक भाग मी गाळला. आज तो घालून लिहितो. नाव कुणाचेच देत नाही.

सोलापुरात अशी जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार रोज फिरवायला कोणी घेत नाही. ती लागते नवरदेव मिरवायला, वाढदिवसाच्या फलकासमोर उभी करायला आणि मोबाईलवर रील काढायला. एका तरुण मालकाकडे अशा तीन गाड्या होत्या. तिन्हींना पांढऱ्या नंबरपाट्या, म्हणजे खाजगी वापराच्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि दिलीच व काही झाले तर विमा कंपनी हात वर करते. त्यामुळे या धंद्यात कोणी 'भाडे' म्हणत नसे. गाडी 'मित्राच्या कार्याला' गेली असे म्हणत. मालकाला जिल्हाभर मित्र होते.

गाडीबरोबर एक माणूस जायचा. तेलुगू विणकर कुटुंबातला, पन्नाशीला टेकलेला. पूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करायचा. त्या कामाला आमच्याकडे जॉबर म्हणतात आणि तेच त्याचे नाव पडले होते. गाडी चालवायचा तोच, पुसायचा तोच. गतिरोधक आला की खाली उतरायचा, दोन लाकडी फळ्या मांडायचा, गाडी त्यावरून काढायचा आणि पुन्हा उतरून फळ्या उचलायचा. तोवर वरात थांबलेली.

एके दिवशी दुपारी मालक ठाण्यात आला. "सर, ड्रायव्हर गाडी घेऊन पळाला. तीन दिवस झाले. फोन उचलत नाही."

"गाडी कशाला नेली होती?"

"ट्रायल मारतो म्हणाला. मी घरी नव्हतो."

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला आणि तपास मी स्वतःकडे घेतला. मालक ओळखीचा होता. खरे तर फिर्याद ऐकतानाच मला ती पटली नव्हती. असली गाडी घेऊन पळणार कुठे? पहिल्याच गतिरोधकावर फळ्या शोधत बसावे लागेल. तरीही मी मालकाला एकही उलट प्रश्न विचारला नाही.

फरार आरोपीला पकडायला आम्ही जीप घेऊन त्याच्या घरी गेलो. फरार आरोपी घरात जेवत बसला होता. समोर ताट, बाजूला मांडीवरच्या सुपात बिड्या वळत त्याची बायको.

"या साहेब," तो म्हणाला. "मीच येणार होतो ठाण्यात."

"गाडी कुठे आहे?"

"करमाळ्याला. लग्नाला गेली होती की. नवरदेवानं हट्ट केला, मी चालवणार म्हणाला. मळ्याच्या रस्त्याला घातली. खालचं सगळं फाटलं. मालकाला तिथनंच फोन केला. तर तो म्हणतो, तू न विचारता नेली असं सांग. मी म्हटलं, न्हाय सांगणार. आन् एस्टीनं घरी आलो."

"चल, उठ."

बायको म्हणाली, "जेवण तरी होऊ द्या की वो."

मी होऊ दिले नाही. भरदुपारी, सगळा बोळ दारात उभा असताना, आम्ही त्याला खरकट्या हाताने जीपमध्ये बसवले.

न्यायालयाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. स्थानिक ठाण्याला कळवून आम्ही करमाळ्याकडच्या त्या मळ्यावर गेलो. नवरदेवाचे वडील केळीचे मोठे बागायतदार. स्वतःचे शीतगृह, दारात चार माणसे कायम बसलेली. आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "कसली गाडी? आमचं पोरगं घोड्यावरनं आलं. सगळ्या गावानं बघितलं."

सगळ्या गावाला विचारले. सगळ्या गावाने घोडा पाहिला होता. घोड्याचा रंगही प्रत्येकाने वेगळा सांगितला, पण घोडा पक्का. फोटो मागितले तर म्हणे फोटोवाल्याचे कार्ड बिघडले. एवढ्या मोठ्या लग्नातला एकही फोटो नाही, आणि हे सांगताना कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. चिडचिड करत मी परत आलो आणि ती सगळी जॉबरवर काढली.

"तिकडं गाडी नाही. घोडा होता म्हणतात."

"घोडा?" तो कोठडीतही हसला. "साहेब, घोड्याला कशाला फळ्या लागतात?"

"नीट बोल. लग्नाला गाडी भाड्याने जाते याला पुरावा काय?"

तो अगदी साधेपणाने म्हणाला, "साहेब, तुमच्या जावयाला मीच बसवलं की त्या गाडीत. विसरलाव व्हय?"

मी गाळत आलो तो भाग हाच. आठ महिन्यांपूर्वी माझ्या मुलीच्या लग्नात हीच लाल गाडी आली होती. मालक म्हणाला होता, "तुमचं कार्य ते आमचं कार्य, सर." मी नको म्हटले नाही. गाडीला पांढरी पाटी आहे, ती भाड्याने फिरते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मंगल कार्यालयाच्या रस्त्यावर चार गतिरोधक होते. चारही ठिकाणी जॉबर उतरला, फळ्या मांडल्या, माझा जावई घामाघूम झाला आणि माझे व्याही मला म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, बैलगाडी बरी होती." जॉबर त्या दिवशी आमच्या पंक्तीला जेवला होता.

हे तो हवालदारासमोर बोलला. मी त्याच्या थोबाडीत मारली. नोकरीत मी कुणाला हात लावला नाही असा दावा करणार नाही, पण ती चपराक तपासासाठी नव्हती. त्याचे तोंड बंद करण्यासाठी होती. ते बंद झालेही. हवालदार भिंतीकडे बघत उभा राहिला.

हवालदार मोहोळ भागातला, शेतकऱ्याचा मुलगा, निवृत्तीला आलेला. दुसऱ्या दिवशी घरझडतीत त्याला एक वही सापडली. मला वाटले हिशेबाची असेल. तिच्यात गतिरोधक होते. जिल्ह्यातला एकेक गतिरोधक, कुठे आहे, किती इंच उंच, एक फळी की दोन. अशी वही ठेवणारा माणूस मी ना आधी पाहिला ना नंतर. शेवटची नोंद होती: 'करमाळा. मळ्याचं फाटक. दगडी उंबरा. सात इंच. पुढं नेऊ नये. सांगितलं. ऐकत नाहीत.'

"साहेब," हवालदार म्हणाला, "घरी बसून उंबरा मोजता येत न्हाय."

पुन्हा करमाळा. हवालदाराने फाटकात बसून टेप लावली. सात इंच. दगडाच्या कडेला लाल रंगाचा ओरखडा होता. बागायतदार म्हणाले, "घोड्याची झूल घासली असंल."

मी कपाळाला हात लावला. हवालदार मात्र दुसरीकडेच बघत होता. शीतगृहाच्या भिंतीलगत केळीचे घड रचले होते, भर उन्हात. काही काळे पडू लागले होते.

"काका," त्याने बागायतदारांना विचारले, "मशीन चालू हाय न्हवं?"

"हाय की."

"मंग केळी भाईर का?"

बागायतदारांनी खिशातली किल्ली चाचपली.

"आमच्या बापानं केळी केली, काका. पोरगं उन्हात ऱ्हाईल, पर केळी न्हाय ठेवायची कुणी. उघडा."

दार उघडले. आत, रिकाम्या क्रेटच्या मधोमध, ताडपत्रीखाली ती लाल गाडी उभी होती. बाहेरची गरम हवा आत शिरताच तिच्या काचेवर दव जमले. नवरदेवाचे नाव लिहिलेली झेंडूची माळ अजून पुढे लटकत होती, आणि थंडीत राहिल्यामुळे ती फुलेही ताजी होती. पंचनामा करणारे पंच हसू दाबत होते. मला हसू आले नाही.

बागायतदार मग भडाभडा बोलले. गाडी भाड्याने आणली होती. मोडल्यावर मालकानेच सांगितले होते, चार दिवस लपवा, मी चोरीची फिर्याद देतो, विमा मिळेल, तुमच्या मुलाचेही नाव यायचे नाही. म्हणजे मालकाने ठरवून खोटी फिर्याद दिली होती आणि जॉबर पहिल्या घासापासून खरे बोलत होता.

सर्वसामान्य वाचकासाठी इथे थोडे सांगायला हवे. फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाली तर तपास अधिकारी न्यायालयात 'ब समरी' अहवाल देतो. मग फिर्यादीवर कारवाई होते आणि आरोपी धुतल्यासारखा स्वच्छ होतो. फिर्याद गैरसमजातून झाली असेल तर 'क समरी'. तिथे कुणालाच काही होत नाही.

मालकाला मी बोलावले तेव्हा तो घाबरलेला नव्हता. खुर्चीत आरामात बसून म्हणाला, "सर, भाड्याचं लिहिणार असाल तर लिहा. मग गाडी कुणाकुणाच्या लग्नाला गेली ते पण मला सांगावं लागेल. तुम्हीच विचाराल ना?"

मी क समरी पाठवली. 'गाडी मित्रत्वाच्या नात्याने दिली असता निरोप न मिळाल्याने फिर्यादीचा गैरसमज झाला.' हे वाक्य मी स्वतः रचले. बागायतदारांचा जबाबही त्याच मापाने बसवून घेतला. हवालदाराने टंकलेला अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि इतकेच म्हणाला, "सही करा साहेब. मला चष्मा लागलाय, मी वाचला न्हाय." जॉबर सुटला. माझ्या मनाने प्रकरण मिटले.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी एका कार्यासाठी टॉवेल घ्यायला मी एमआयडीसीतल्या कारखान्यात गेलो. तिथे एक माणूस पाठीवर टॉवेलचे गठ्ठे घेऊन टेम्पोत चढवत होता. त्याने गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, "नमस्कार साहेब. जावईबापू बरे हाईत न्हवं?"

मी विचारले, गाडी का चालवत नाहीस?

"देतंय कोण? शाळेच्या बसवर लागत होतो. लई चांगला मालक. पोलिसांचा दाखला आण म्हणाला. अर्ज केला. गुन्हा नोंद, अटक, असं लिहून आलं. दोनदा केला. दोनदा तसंच आलं. लेकरांची गाडी हाय, ते तरी कसं घेतील?"

"पण तू निर्दोष सुटलास."

"क समरी म्हंजे काय ते बसवाल्याला तुम्ही समजावता का? मला तर अजून कळलं न्हाय."

मी म्हणालो, मी प्रतिज्ञापत्र करतो, पोलीस आयुक्तालयात देतो, न्यायालयातही देतो. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसले. "करा. पर आधी आमच्या बोळात या. नेलं ते दिवसाउजेडी नेलं. सांगायचं पण दिवसाच सांगा."

रविवारी दुपारी मी गेलो. म्हातारा माणूस दारोदार काय सांगतोय म्हणून लोक गोळा झाले. मी म्हणालो की या माणसाने काही केले नव्हते आणि माझ्याकडून चूक झाली.

"चूक न्हाय साहेब," जॉबर मागून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "चूक म्हंजे नट ढिला राहिला. तुम्हाला ठाव होतं."

त्याची बायको दारात सूप घेऊन बसली होती. हात न थांबवता तिने विचारले, "मंग तवा का बोलला न्हाईत?"

तीस वर्षे मी लोकांना असेच प्रश्न विचारले. उत्तर टाळणारा माणूस कसा दिसतो ते मला नीट ठाऊक आहे. त्या दिवशी मी तसाच दिसत असणार. शेवटी म्हणालो, "घाबरलो होतो. माझ्या घरच्या लग्नाचं बाहेर पडलं असतं."

ती म्हणाली, "एवढ्यासाठी?"

एवढ्यासाठीच. आरोपी खोटे बोलतो ते शिक्षा टळावी म्हणून, हे मी नवीन शिपायांना शिकवत आलो. अधिकारी त्याहून कितीतरी किरकोळ गोष्टीसाठी खोटे लिहितो आणि त्याच्या खोट्यावर शिक्का बसतो, हे मला या केसने शिकवले. आरोपीचे खोटे उलटतपासणीत फुटते. शिक्क्याखालचे खोटे फोडायला कुणी येत नाही.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी त्याच्या घरातच बाजेवर बसून वाचून दाखवला. 'माझ्याकडून अनवधानाने' या शब्दांवर त्याने बोट ठेवले. "हे काढा." मी काढले आणि तिथे लिहिले, 'माहीत असताना'. मग सही केली.

ते दाखल करून पाच महिने होत आले. बसवाला म्हणतो, दाखल्याचा कागद आणा, चावी घेऊन जा. कागद अजून निघालेला नाही. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते, शेरा येतो, पुन्हा परत येते. मी दर सोमवारी आयुक्तालयात जातो. ज्या बाकावर मी माणसांना तासन्‌तास बसवले तसल्याच बाकावर बसतो. परवा तिथला कारकून वैतागून म्हणाला, "काका, कशाला येता सारखं सारखं? झालं की कळवू. तुम्ही तर रिटायर झालाय, तुमचं काय अडलंय?"

मी म्हणालो, "माझं नाही अडलेलं. मी अडवलेलं आहे."

त्याने कपाळाला आठ्या घालून फाईल पुन्हा बाहेर काढली. वैतागू दे. मी येत्या सोमवारीही जाणार आहे.