अक्का सगळ्यांच्या वतीने गेली

माहेरी बहिणींचं गाऱ्हाणं वडिलांकडे न्यायचं, गल्लीत नळाला पाणी आलं नाही की कचेरीत जायचं, सगळं अक्काच्याच गळ्यात पडे. कारण ती निरोपात पदरचं काही घालत नसे.

रुग्णालयाच्या धुलाईखात्यातही तेच झालं. साहेबांनी पाळी आठऐवजी सहाला सुरू करायचं ठरवलं. पोरांना शाळेत सोडून येणाऱ्या बायकांना ते जमणारं नव्हतं.

"मी गेले तर भांडून येईन," इस्त्रीवरची मिरची म्हणाली. जिभेमुळेच तिला हे नाव पडलं होतं. "अक्का, तूच जा."

अक्का गेली खरी, पण तिची पंचाईत कुणाला ठाऊक नव्हती. तिला स्वतःला सहाचीच पाळी हवी होती. थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. दुपारी लवकर सुटलं तर तिला वेळेवर भरवता आलं असतं. तसं ती साहेबांना मागे बोललीही होती.

साहेब विसरले नव्हते. "अहो, सहाची पाळी तर तुम्हालाच हवी होती ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"ते माझं बोलणं होतं, साहेब. आज मला सगळ्यांनी पाठवलंय. त्यांना सहा जमत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं, आठच राहू दे. तुम्ही एकट्या हवं तर सहाला या. यंत्रं सुरू करायला कुणीतरी लागेलच."

"त्यांना विचारून सांगते," म्हणत अक्का उठली.

बाहेर येऊन तिने सगळं सांगितलं, बहिणीचंसुद्धा.

"म्हणजे आमचं मागताना स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत होतीस? बावळट कुठली!" मिरची कडाडली. "विचारतेस काय? ये सहाला!"

"बरं, मग सांगून येते."

"तू बस. तुझ्या वतीने आम्ही बोलणार."

हात पुसत मिरची तरातरा केबिनमध्ये शिरली आणि साहेबांसमोर तिची जीभच अडखळली.

"साहेब, ते… आमची अक्का… म्हणजे तिची बहीण… तिला येऊ द्या सहाला. आमची कुणाची ना नाही. सगळ्यांनी सांगितलंय."

दाराबाहेर उभ्या अक्काचा ऊर भरून आला. आपल्यालाही याहून बरं बोलता आलं नसतं, असं तिला वाटलं.