निम्मे आकडे

काटेमास्तरांना नावाने हाक मारणारी शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची आई, आणि ती जाऊनही आता वीस वर्षं झाली. बाजाराला ते काटेमास्तर म्हणूनच ठाऊक. दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. बेकरीतला पिठाचा काटा, पोस्टातला पार्सलचा, सोनाराचा काचेच्या पेटीतला. मास्तरांची लाकडी पेटी उघडली की आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं ओळीने बसलेली, आणि ती उचलायला चिमटा. बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल वजनाला लागतं आणि तेलालाही वजन असतं. एका बेकरीवाल्याने गंमत म्हणून एक वजन हातात घेतलं, तर मास्तरांनी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर असं झापलं, की तो बिचारा दोन दिवस आपल्याच पावाला हात लावायला घाबरत होता.

माणूस सरळ, पण इतका सरळ की घरच्यांनी त्याच्यापुढे मान तुकवावी आणि गप्प बसावं. घरचे म्हणजे एक बायकोच. तिला बारा वर्षांपासून मधुमेह, आणि त्याचं खापर मास्तर तिच्या जिभेवर फोडायचे. आपल्याला काही होत नाही, कारण आपण मोजून खातो, असा त्यांचा हिशोब. तो हिशोब कुणी विचारला नव्हता, पण पाहुण्यांना ऐकावा लागायचाच.

त्रेसष्टाव्या वर्षी मात्र मोजून खाणाऱ्या मास्तरांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या. छाती उघडून ऑपरेशन करायचं ठरलं. आधी सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात साखरही आली. अगदी बेताची. मागच्या तीन महिन्यांची सरासरीही चांगली. मास्तरांनी तो कागद बायकोला दोनदा दाखवला.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सिस्टरने त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रावर आकडा आला दोनशे अडुसष्ट. घशातली नळी नुकतीच काढलेली, आवाज फुटत नव्हता, तरी मास्तर म्हणालेच, यंत्र बिघडलंय. संध्याकाळी दुसऱ्या सिस्टरला दोनशे चोपन्न मिळाले. मग हाताला इन्सुलिनची नळी लागली, आणि त्या सिस्टरने त्यांना नीट समजावलं.

"काका, तुम्हाला मधुमेह नाही. पण छाती कापली, हृदय थांबवून तुम्हाला मशीनवर ठेवलं. शरीराला वाटतं जिवावर बेतलंय, मग ते असेल नसेल ती साखर रक्तात सोडतं. पुष्कळांना होतं हे. काही आठवड्यांत उतरेलही. पण तोवर ती चढी राहिली तर जखम भरत नाही, छातीचं हाड सांधत नाही. म्हणून इन्सुलिन घ्यायचं, कंटाळा करायचा नाही."

मास्तरांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, मान हलवली की माणसं जातात म्हणून.

आठव्या दिवशी ते घरी आले. शेजारीपाजारी येऊन गेले, सगळे म्हणाले, वाचलात हो. मास्तर म्हणायचे, हो. त्यांना आनंद झाला नव्हता आणि भीतीही वाटत नव्हती. छातीच्या डाव्या बाजूची कातडी बधिर होती, हृदयाला जोडायला पायातली शीर काढून घेतली होती तिथली पोटरी बधिर होती, आणि मधला उरलेला माणूसही तसाच. बायको ताट आणायची, ते जेवायचे. ती उशी सरकवायची, ते मागे टेकायचे. रेडिओ लावला तर ऐकायचे, बंद केला तर तेवढ्याच शांतपणे बसायचे. त्यांच्यात एवढीशी चीड तेवढी शिल्लक होती आणि ती त्या साखर मोजायच्या यंत्रावर होती.

कारण दवाखान्याने तसलंच एक यंत्र सोबत दिलं होतं. दिवसातून तीनदा मोजायचं, वहीत लिहायचं. सोमवारी आणि गुरुवारी सिस्टर फोन करून आकडे विचारणार आणि इन्सुलिन किती घ्यायचं ते सांगणार. पहिल्या तीन दिवसांत आकडे आले दोनशे चाळीस, दोनशे अठ्ठावीस, दोनशे छत्तीस. आणि मास्तर खात काय होते? पाखराएवढं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र तपासायला घेतलं. काटा खरा की खोटा हे कळायला त्यावर असं काहीतरी ठेवावं लागतं ज्याचं वजन आधीपासून माहीत आहे. घरात तशी एकच गोष्ट होती. बायकोची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं दीडशेच्या आसपास. तिच्या फायलीतला प्रत्येक कागद तेच सांगत होता. काळ्या दगडावरची रेघ. मास्तरांनी तिला स्वयंपाकघरातून बोलावलं, हात साबणाने धुवायला लावले, पुसायला लावले आणि बोटाला टोचलं.

तीनशे दहा.

"बघ," मास्तर म्हणाले, "दुप्पट दाखवतंय."

बायकोने आकडा बघितला. मग त्यांच्याकडे बघितलं. कापूस बोटावर दाबून धरला, असेल बाई, म्हणाली आणि गॅसवरचं दूध बघायला गेली.

आता दुप्पट दाखवणारा काटा कुणी फेकून देत नाही. सुटा भाग मिळेपर्यंत आकडा निम्मा करायचा आणि काम चालू ठेवायचं, ही धंद्यातली साधी रीत. त्या दिवसापासून मास्तर वहीत निम्मा आकडा लिहू लागले. दोनशे बत्तीस आले की एकशे सोळा. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही, सिस्टरलाही नाही. कारागिराने आपल्या प्रत्येक दुरुस्तीची दवंडी पिटायची नसते, असं त्यांचं मत. सिस्टर फोनवर खूश झाली. तिने इन्सुलिन आधी कमी केलं आणि पुढच्या गुरुवारी बंदच करून टाकलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले तेव्हा बायकोला त्यांच्या सदऱ्याला आतून पिवळा डाग दिसला. मास्तर म्हणाले, घाम. दुसऱ्या दिवशी डाग मोठा होता, आणि ते म्हणाले, घामच. त्यांना दुखतच नव्हतं, मग घाम नाहीतर काय? तिसऱ्या दिवशी तिने काही विचारलं नाही. टॅक्सी बोलावली आणि चपला आणून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

दवाखान्यात सर्जनने पट्टी काढली. जखमेचं खालचं टोक उकललं होतं आणि आत पू होता. हाडापर्यंत पोचला आहे की नाही हे सकाळी उघडून, साफ करूनच कळणार होतं. पोचला असेल तर छातीचं हाड बांधलेल्या तारा काढाव्या लागणार होत्या, आणि मग काय ते सर्जनने सांगितलं नाही. बोटाला सुई टोचली तर साखर दोनशे शहाऐंशी. सर्जनने वही उघडली. एकशे अठरा, एकशे वीस, एकशे सोळा. हे कसं काय, त्याने विचारलं.

मास्तरांनी शांतपणे सगळं सांगितलं. यंत्र दुप्पट दाखवतं, मी स्वतः तपासून बघितलंय, कसं तपासलं तेही सांगितलं. सिस्टरने बायकोच्या पिशवीतून त्यांचं घरचं यंत्र काढलं आणि त्यावर पुन्हा मोजलं. दोनशे एक्क्याऐंशी. यंत्र ठणठणीत होतं. मग तिने स्टुलावर बसलेल्या बायकोचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटाला टोचलं. तीनशे बहात्तर.

आपली पितळी वजनं दर दोन वर्षांनी सरकारी कचेरीत नेऊन पडताळून आणणारा हा माणूस. वजनंसुद्धा झिजतात, हे बाजारभर सांगत फिरणारा. आणि तिच्या फायलीतला शेवटचा कागद कधीचा आहे, एवढंही त्यांनी बघितलं नव्हतं. आता त्यांनी बायकोकडे बघितलं. गाल आत गेले होते. ब्लाउजची बाही दंडावर सैल झाली होती. मांडीवर पाण्याची बाटली होती, आणि ती रिकामी होती.

"गोळ्या घेत नव्हतीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं तेव्हापासून. रोज सकाळी तुम्हीच विचारायचात, घेतलीस का म्हणून. परत आल्यापासून कधी विचारलंच नाहीत. मग राहूनच गेलं."

"पण त्या दिवशी तीनशे दहा आले, तेव्हा तरी बोलायचंस."

बायकोने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "तेव्हाच कळलं मला, की यंत्र बरोबर आहे. पण तुम्ही हसलात हो. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. मला नाही मोडवलं ते. तुम्ही वहीत निम्मे लिहिताय हे मला काय माहीत?"

मास्तरांना आपण हसल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी खूप आठवून बघितलं. इथे रडू यायला हवं, हे त्यांना कळत होतं, पण आलं नाही. सिस्टर इन्सुलिनची सुई भरून त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी हात पांघरुणाखाली ओढून घेतला.

"आधी हिला द्या," ते म्हणाले. "मी थांबतो."