कुल्फीवर पेटलेला दिवा

जगात वाया जाणाऱ्या उष्णतेचं दुःख माझ्या नणंदेइतकं दुसऱ्या कुणाला झालेलं मी पाहिलेलं नाही. कुकरची शिट्टी झाली की ही हळहळणार, रिक्षातून उतरली की इंजिनाला हात लावून बघणार आणि चटका बसला की खूश होणार. तिचं संशोधन थराथरांच्या ऑक्साइड स्फटिकांवर. लाल होईस्तोवर तापवले तरी टिकणारे आणि त्या धगीतून वीज काढणारे. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरी पाहुणे तिला बघायला आले, तर हिनं बशीतली खारी उचलून मुलाच्या आईलाच धडा दिला. "हे बघा काकू, या थरातून वीज पळते, हा थर उष्णता अडवतो. एक बाजू तापलेली, दुसरी थंड ठेवायची, झालं काम!" काकूंनी ती खारी चहात बुडवून खाल्ली आणि पुन्हा काही फोन केला नाही.

माझे सासरे, म्हणजे तिचे बाबा, यांची सगळी नोकरी कारखान्यातल्या भट्टीपुढे गेलेली. "धगीतून घाम निघतो गं, वीज नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तिला परदेशातल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. आणि बाबांना पटल्याशिवाय जायचं नाही, हे हिनं मनाशी पक्कं केलेलं.

एका रविवारी तिनं स्फटिकाच्या कांड्या जोडून केलेली चकती आणली, गॅसवर ठेवली आणि तारांना इवलासा दिवा जोडला. चकती तापत गेली, दिवा मात्र ढिम्म. तिचा चेहरा पार उतरला. कायम उष्णतेच्या मागे धावणारी ही बाई थंड बाजूच विसरली होती! मला ती खारी आठवली. फ्रीजरमध्ये बर्फ नव्हता; होती ती बाबांनी उल्हासनगरहून आणलेली कुल्फी. मी ती स्टीलच्या वाटीत घालून थेट चकतीवर ठेवली. "अगं सूनबाई, माझी कुल्फी!" बाबा ओरडले आणि दिवा पेटला. कुल्फीचं दूध झालं, तरी बाबांची नजर दिव्यावरून हलेना. शेवटी लेकीला म्हणाले, "बॅग भरायला घे."

आता ती तिकडे थंडीत राहते आणि मला तिची फार आठवण येते. बाबा दर रविवारी दोन कुल्फ्या आणतात, एक खायला, एक दिव्याला. व्हिडिओ कॉलवर ती ओरडते, "बाबा, साधा बर्फ चालतो!"

"त्या दिवशी कुल्फीनंच पेटलेला," म्हणत ते फोन दिव्यासमोर धरतात. "दिसतोय का गं?"

कुल्फी वितळते, दिवा विझतो, तरी बाबा फोन तसाच धरून बसतात. आणि ती तिकडून म्हणते, "दिसतोय, बाबा."