मी चोर असतो तर

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गाडी फुटली की लोक पोलिसांच्या आधी नझीरचाचांना बोलवायचे. चोर काही त्यांना सापडायचा नाही. पण तो कुठून आला, कुठल्या बाजूला उभा राहिला आणि गाडीच्या मालकाचं नेमकं काय चुकलं, हे चाचा फार तपशिलात सांगायचे. ज्याची गाडी फुटली त्याला हे ऐकायची बिलकुल इच्छा नसायची. चाचा तरीही सांगायचे.

नझीर मुकादम मूळचे श्रीवर्धनकडचे. कुवेतमध्ये एका मोठ्या गॅरेजात ते फोरमन होते. नव्वद साली तिथे युद्ध पेटलं तेव्हा एक सुटकेस, एक टेपरेकॉर्डर आणि बिस्किटांचा एक गोल निळा पत्र्याचा डबा एवढं घेऊन ते परत आले. ऐरोलीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला, जुनी क्रीम रंगाची फियाट घेतली, तिच्यात हौसेने कॅसेट प्लेअर बसवला. महिन्याभरात कोणीतरी पुढच्या दाराची तिकोनी काच उचकटली आणि प्लेअर नेला. मेहरुन्निसाचाची सांगायच्या, “लढाईत सगळं गेलं तेव्हा हे दोन दिवसांत सावरले. प्लेअर गेला तेव्हा आठवडाभर धड जेवले नाहीत.”

तेव्हा ऐरोली अर्धीच बांधून झाली होती. रस्त्यावर खांब आले होते, दिवे यायचे होते. गाड्या इमारतीसमोर उघड्यावर उभ्या असायच्या. कोणाचे वायपर जायचे, कोणाचे आरसे. चाचांच्या समोरच्या दारी राहणाऱ्या दिनानाथकाकांची तर चारही चाकं गेली. चोरांनी गाडी विटांच्या थप्प्यांवर इतकी सरळ उभी करून ठेवली होती, की सकाळी काका आत बसले, इंजिन सुरू केलं, गिअरही टाकला, आणि गाडी पुढे का जात नाही म्हणून बराच वेळ अॅक्सिलरेटर दाबत राहिले.

त्यानंतर चाचांनी सोसायटीची सुरक्षा हातात घेतली. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. संध्याकाळी ते प्रत्येक गाडीभोवती फिरायचे, दाराच्या मुठी ओढून बघायचे, काचेला कपाळ लावून आत डोकावायचे. काही ढिसाळपणा दिसला की वायपरखाली चिठ्ठी. ‘मी चोर असतो तर तुमची छत्री नेली असती. – नझीर.’ ‘मी चोर असतो तर मागच्या सीटवरची साडी नेली असती. डिझाईन चांगलं आहे. – नझीर.’ ही साडी कोणासाठी घेतली, असा प्रश्न मग त्या घरात निघाला आणि चार दिवस चालला. पण गाडीत वस्तू ठेवणं लोकांनी बंद केलं, हेही खरं.

त्यांची सगळ्यात मोठी योजना म्हणजे रोटर. मी तेव्हा डिप्लोमा संपवून ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो, त्यामुळे ही योजना मला फारच आवडली. पेट्रोलच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग असतो. त्याच्या टोपणाखाली अंगठ्याएवढा रोटर फिरतो आणि तो प्रत्येक प्लगला करंट वाटतो. एवढा तुकडा काढून घेतला की गाडीला दहा चाव्या लावा, सुरू होत नाही. चाचा रोज संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्यांतले रोटर काढून घ्यायचे, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून फ्लॅटचा नंबर टाकायचे आणि त्या निळ्या डब्यात ठेवायचे; स्वतःच्या फियाटचा मात्र खिशात. सकाळी हा डबा काखेत घेऊन ते पुन्हा सगळे बसवून द्यायचे.

“आपला डबा घरात हाय तोवर,” ते म्हणायचे, “या गेटमधून एक गाडी हलनार नाय.”

हे त्यांचं वाक्य खरं ठरलं ते दिनानाथकाकांच्या जाईच्या लग्नात.

लग्न मार्चमध्ये होतं, वाशीच्या कार्यालयात, सकाळचा मुहूर्त. रुखवत आणि पाहुणे भाड्याच्या बसने पुढे जाणार होते. नवरीने नटूनथटून मागून चाचांच्या फियाटमधून यायचं, असं ठरलं होतं. चाचांनी त्यासाठी गाडीला पॉलिशही केलं होतं. रमजान संपत आला होता. ईद लग्नाच्या दुसऱ्या दिवशी येणार, असा चाचांचा ठाम हिशेब होता, आणि चाचांचा हिशेब म्हटल्यावर दिनानाथकाकांनीही पंचांगाच्या बरोबरीने तो मानला होता.

चंद्राने तो मानला नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चाचांनी नेहमीसारखे रोटर गोळा केले आणि थोड्या वेळाने चांद दिसल्याची बातमी आली. म्हणजे ईद उद्याच. गावी म्हातारी आई वाट बघत असणार. चाचा-चाचींनी भराभर पिशव्या भरल्या. निघताना चाचा काकांच्या दारात येऊन खूप हळहळले. फियाट नेतोय, पण बाकीच्या तीन गाड्या आहेतच, टेन्शन घेऊ नका, असं म्हणाले. मग दाराला तिन्ही कुलपं लावली, प्रत्येक ओढून बघितलं आणि गेले. डबा त्या तिन्ही कुलपांच्या आत होता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि आमच्या कोणाच्याही नाही.

सकाळी बस गेली. नवरी शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा अशी तयार होऊन काकांच्या गाडीत बसली. काकांनी चावी फिरवली. इंजिन नुसतं खोकत राहिलं. काका खाली उतरले आणि आधी चाकं आहेत का ते बघून आले. मग मी बॉनेट उघडलं, आणि मला सगळं समजलं.

मी मोटरसायकलवरून नाक्यावर जाऊन आलो. ईदची सकाळ असल्याने एकही रिक्षा नव्हती. पार्ट्सची दुकानं उघडायला वेळ होता. मुलाकडच्यांना फोन करून गाडी मागवू या, असं काका म्हणाले. अरुणाकाकू म्हणाल्या, “खुशाल मागवा. मग जन्मभर जाईला ऐकू दे, हिच्या बापाला पोरगी मांडवापर्यंत आणता आली नाही.” माझ्या मोटरसायकलकडे सगळ्यांचे डोळे गेले. जाईने स्वतःच्या शालूच्या घोळाकडे पाहिलं, मग माझ्या सायलेन्सरकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. तिला तयार करणारी बाई काजळासाठी तिच्याहून जास्त कासावीस झाली.

शेवटी काकांनी चाचांच्या गावी फोन लावला. फोन त्यांच्या शेजारच्या वाण्याच्या दुकानात होता. चाचा नमाज आटोपून नुकतेच आले होते. त्यांना बोलावून आणेपर्यंत काकांचं एसटीडीचं बरंच बिल फुकट चढलं. फोनवर आल्याबरोबर चाचांनी सलाम केला, ईद मुबारक म्हणाले आणि जाई निघाली का, असं विचारलं.

“नझीरभाई,” काका म्हणाले, “डबा कुठाय?”

“बेडरूमच्या कपाटात,” चाचा म्हणाले आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

काका म्हणाले, आता कुलपं तोडतो. चाचांनी हातोडा वाया घालवू नका म्हणून सांगितलं. ती कुलपं कुवेतच्या गोदामाची होती. खिडक्यांचे गज? ते चाचांनी स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतले होते. प्रत्येक वाट काका सुचवायचे आणि ती कशी बंद केली आहे, हे चाचा सांगायचे. सुरुवातीला त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. पुढे पुढे तो कमी होत गेला. काकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते पायरीवर बसले.

“चाचा,” मी म्हणालो, “मुहूर्त जातोय.”

“वहिनी काय म्हनतायत?”

“काही नाही. जाई रडतेय.”

चाचांनी आवाज एकदम खाली आणला. दुकानात अर्धा गाव ईदची खरेदी करत असणार. “आशू, ऐक. मागच्या बाजूला ये. बाथरूमच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या हायत ना? खालून दुसरी. ती वर उचल आनि तुझ्याकडं ओढ. मग सगळ्या निघतात.”

“पण गज?”

“तिथं नाय लावले.”

“तुम्हाला कसं माहीत, पट्ट्या निघतात ते?”

 मग चाचा अगदी बारीक आवाजात म्हणाले, “चाव्या आत राह्यल्या की मी तिथूनच जातो.”

त्यांच्या शेजारी चाची उभ्या होत्या. त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. “या अल्ला. आनि मला सांगता चावीवाला आनला होता.”

मी स्टूल घेऊन मागे गेलो. खालून दुसरी पट्टी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मी आत शिरलो आणि माझा पाय थेट भरलेल्या बादलीत गेला. ओल्या पायाने बेडरूममध्ये जाऊन कपाट उघडलं, तोच कुत्रा माझ्या अंगावर धावून आला. निदान आवाजावरून तरी तसंच वाटलं. मी पलंगावर चढलो. भुंकणं संपल्यावर चाचांचाच आवाज आला, “शेरू, बस. चोराला जिता ठेव.” कपाटाच्या दाराला दोरी बांधली होती, दोरीला वीट, आणि वीट टेपरेकॉर्डरच्या बटनावर पडेल अशी व्यवस्था. काम म्हणून ते खरोखर सुरेख होतं.

काकांनी तोवर रिसीव्हर पुन्हा उचलला होता. काकू नंतर सांगायच्या, की भुंकणं ऐकून चाचांनी एवढंच विचारलं, “वाजला का?” आणि ते फार खूश वाटले.

दारं बाहेरून बंद, म्हणून डबा मी स्वयंपाकघराच्या गजांतून द्यायला गेलो. तो गजांतून जाईना. रोटरच तेवढे काढून काकांच्या हातात दिले. मग निघताना, का कोण जाणे, मला राहवलं नाही. टेबलावर चाचांचेच कागद-पेन होते. मी लिहिलं, ‘मी चोर असतो तर शेरूला नेलं असतं. – आशुतोष.’

काकांनी वाशीपर्यंत गाडी अशी हाणली, की आयुष्यात पहिल्यांदाच कोणीही त्यांना मागून हॉर्न दिला नाही. भटजी घड्याळाकडे बघत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा काकांच्या एका हाताला इंजिनचं काळं तेल होतं आणि कन्यादानाच्या सगळ्या फोटोंत तोच हात पुढे आला आहे.

चाचा दुपारी थेट कार्यालयात पोचले, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. पाठवणी चालू होती. सगळे रडत होते. जाई चाचांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांनाही हुंदका आला. तो जरा ओसरल्यावर त्यांनी मला खांबाआड नेलं.

“दुसरी पट्टी आधी काढलीस की वरची?”

“दुसरी.”

“किती वेळ लागला?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. प्लेअर गेला तेव्हा तो असाच पडला असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डर बोलावला आणि बाथरूमच्या खिडकीलाही गज बसवले. मग माझी चिठ्ठी हातात धरून मला ते गज दाखवले. म्हणाले, आता खुद्द नझीरसुद्धा आत जाऊ शकत नाही.

हेही वाक्य खरं ठरलं. त्याच आठवड्यात एका सकाळी सगळे रोटर बसवून चाचा रिकामा डबा घेऊन परत आले, तर दार वाऱ्याने लागलेलं होतं, चाव्या आत आणि चाची वाशीच्या बाजारात. त्यांनी एकदा मागच्या बाजूला चक्कर मारली. नवे गज हलवून बघितले. गज उत्तम होते. मग ते काकांच्या दारात येऊन उभे राहिले. काकूंनी काही न विचारता चहा ठेवला.

संध्याकाळी चाची आल्या. त्यांनी आपल्या चावीने दार उघडलं, चाचांच्या हातातून त्यांच्या चाव्यांचा जुडगा काढून घेतला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. चाचा बघत होते. त्यांनी उठून तो खिळा हलवून बघितला.

“ढिला हाय,” ते म्हणाले आणि हातोडी मागितली.